आई घरट्यात नसताना

त्या राज्यात घराची खूण एकच होती: आई. आई घरट्यात दिसली तर ते घरटं, नाही दिसली तर नुसत्या काटक्या. कायदा धनेशांनी केला होता, कारण कारभार त्यांच्याकडे होता. एवढी मोठी चोच असलेला पक्षी चुकेल कसा, असं सगळ्यांना वाटायचं.

तळ्याकाठच्या करंजावर राज्याचं पाळणाघर होतं. चाऱ्याला जाणाऱ्या आया सकाळी पिल्लं तिथे सोडत. म्हातारे बगळे त्यांच्यावर नजर ठेवत, दुपारी मासोळी भरवत. सोय चांगली होती, खोटं कशाला बोला! पण ती फक्त घरटं असलेल्यांसाठी होती.

गोकर्णा नावाच्या करकोचीच्या पंखात गळाची दोरी अडकली आणि पंख पार सोलवटला. डोंगरापलीकडे गरम झऱ्यावर एक वैदू पंख बरे करायचा. गोकर्णा पायी निघाली. जाताना धाकट्या बहिणीला, धोंडाईला, म्हणाली, “पिल्लांना पाळणाघरात सोडत जा आणि तू मासे धर. पंख भरला की आलेच मी.”

धोंडाई तोंडानं फटकळ, पण मासे धरण्यात तिचा हातखंडा. दुसऱ्या दिवशी ती दोन्ही भाच्यांना घेऊन करंजावर गेली. दारात कारभारी धनेश बसला होता.

“यांची आई?”

“पंख बरा करायला गेलीय. येईल की.”

“म्हणजे घरट्यात नाही.”

“आज नाही. मी आहे ना, सख्खी मावशी!”

“मावशी म्हणजे आई नव्हे, बाई. घरटं मोडलं असं धरावं लागेल. नाहीतर बोलावून घ्या तिला.”

अर्धा भरलेला पंख घेऊन गोकर्णा मागे फिरली असती तर जन्मात पुन्हा उडाली नसती. पिल्लांना एकटं ठेवावं तर वर घार घिरट्या घालत होती. धोंडाईनं त्यांच्यावर बसून राहावं तर तिघंही उपाशी मेली असती. हे तिनं कारभाऱ्याला नीट समजावून सांगितलं. त्यानं मान हलवली आणि पुढच्या पिल्लाकडे पाहिलं. धोंडाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“घरटं मोडलं म्हणता? बघा तर मग!”

तिनं घरट्यातली एकेक काटकी उचलली आणि थेट कारभाऱ्याच्या झाडावर, त्याच्या दारासमोरच्या फांदीवर नेऊन रचली. वर पिल्लं आणून बसवली. “आता इथून हलवून दाखवा,” म्हणाली.

तिथे बसल्यावर तिला एक गोष्ट दिसली. कारभाऱ्याच्या ढोलीचं तोंड चिखलानं लिंपलेलं होतं. मधे एक फट, फटीतून चोचीचं टोक. धनेशांची रीतच तशी. अंड्यावर बसली की बाईला आत लिंपून टाकायचं, तिची पिसं तिथेच झडायची, आणि नवऱ्यानं दिवसभर उंबरं आणून फटीतून द्यायची. धनेशाच्या सात पिढ्यांनी घराबाहेर पडलेली आई पाहिलीच नव्हती. पाहिली नाही, म्हणून ती असू शकते हेही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

धोंडाई दिवसभर पिल्लांवर पंख धरून बसली. भुकेनं पिल्लं चिरकू लागली, तशी फटीतून एक उंबर बाहेर आलं.

“घे गं बाई,” आतून धनेशीण म्हणाली. “माझ्या कानांना सहन होईना.”

मासोळीची सवय असलेल्या पिल्लांनी तोंडं वाकडी केली, पण गिळलं. रोज असंच चाललं. कारभारी दमून उंबरं आणायचा, बायकोची भूक अचानक कशी वाढली म्हणून चकित व्हायचा. मागे वळून एकदा तरी समोरच्या फांदीकडे बघावं की नाही? छे!

पण दुष्काळी वाऱ्यानं उंबर झडायला लागलं. एकट्या कारभाऱ्याच्या चोचीनं आता काही पुरेना. धोंडाई हटायला तयार नव्हती. “मेले तर तुझ्या नवऱ्याच्या दारात मरेन,” ती म्हणाली.

“गप बस!” आतून धनेशीण ओरडली. “मरायच्या गोष्टी करू नकोस. माझं पोर निघालंय अंड्यातून. सांभाळशील?”

“आण इकडे.”

“ते नाही येणार. तूच आत ये.”

मग चिखलावर आतून चोच आदळू लागली.

संध्याकाळी कारभारी परतला तेव्हा झाडाखाली वाळल्या चिखलाच्या खपल्या पडल्या होत्या. ढोली उघडी होती. दूर तळ्यावर त्याची बायको नुकत्या फुटलेल्या पिसांनी, हेलकावे खात, चारा शोधत उडत होती. आत धोंडाई पंख पसरून बसली होती आणि त्याच्याकडे रोखून बघत होती. तिच्या पंखाखालून तीन चोची बाहेर आल्या, तिन्ही वासलेल्या. ढोलीत अंधार होता. कोणती आपली, ते त्याला ओळखता येईना.

तो उंबरठ्यावर टेकला. मग त्यानं उंबर सर्वांत जवळच्या चोचीत टाकलं. ते गोकर्णाचं पिल्लू होतं.