ठकूबाईचा कोयता

एका गावात एक भोळा लोहार राहत असे. त्याचं नाव लिंबाजी. तो घरजावई होता. सासऱ्यांना आता घण पेलवत नसे. ते ऐरणीजवळ बसून सांगत आणि लिंबाजी सांगितलं तेवढंच करी.

एके सकाळी ऊसतोडीची ठकूबाई नव्या जातीच्या पोलादाच्या तीन पट्ट्या घेऊन आली. "संध्याकाळी टोळीचा ट्रक निघतोय. कोयता नसला तर मुकादम मला चढू द्यायचा नाही."

सासरे म्हणाले, "जावईबापू, पट्टी चांगली तापवा."

लिंबाजीने ती पांढरी होईपर्यंत तापवली. घणाखाली तिचे दोन तुकडे झाले.

"मामा, चांगलीच तापवली होती."

"या पोलादात चिमूटभर वेगळा धातू असतो. तो आतल्या कणांना वाढू देत नाही. फार तापवलं की तोच विरघळतो. मग कण मोठे होतात आणि पोलाद ठिसूळ होतं. लक्षात ठेवा, केशरी दिसलं की काढायचं."

लिंबाजी न्याहारीला घरी गेला. चुलीवर दूध होतं. "जरा बघा हं," म्हणून बायको पाण्याला गेली. लिंबाजी बघत बसला. दूध वर आलं, उतू गेलं, आटलं, करपलं. केशरी काही झालं नाही.

"अहो, वर आलं की उतरवायचं," पातेलं घासत बायको म्हणाली.

हेही त्याने लक्षात ठेवलं. सासरे जेवून लवंडले होते. लिंबाजीने दुसरी पट्टी भट्टीत घातली आणि ती वर येण्याची वाट बघितली. दुपार टळली. तीही घणाखाली मोडली.

सासऱ्यांनी तुकडा उजेडात धरला. "आत खडेमीठ दिसतंय. वाया गेली. पिठासारखं बारीक दिसायला हवं. आत कसं आहे ते कळल्याशिवाय गिऱ्हाइकाला काही द्यायचं नाही, जावईबापू."

तिसऱ्या पट्टीला ते स्वतः भट्टीपाशी बसले. केशरी दिसताच "हं" म्हणाले. कोयता झाला. पाणी दिलं, धार लावली. सासरे समाधानाने ठकूबाईला बोलवायला गेले.

ती धावतच आली. ट्रकचा भोंगा वाजत होता. लिंबाजी घामाने निथळत होता. त्याने तिच्या एका हातात मूठ ठेवली, दुसऱ्या हातात पातं.

"बिनघोर जा मावशी. आत अगदी पीठ आहे. मोडायला पंधरा घाव लागले. असा कोयता तालुक्यात सापडायचा नाही."