खरबीच्या कोंडाची राखण

खाडीला ओढा मिळतो तिथला हा गुडघाभर पाण्याचा डोह म्हणजे खरबीचा कोंड. पाय खुशाल बुडवा, पण धोंड्यांना हात लावाल तर खबरदार! आमच्या वाडीचं माणूस उपाशी राहील, पण चैत्रात इथला एक धोंडा हलवणार नाही.

असं सांगतात की, फार पूर्वी इथे धाकू नावाचा मासे धरणारा राहायचा. त्याची बायको चंद्रा बाळंतपणात गेली, मागे तान्ही मुलगी ठेवून. शेजारच्या मंजुळकाकीने शेळीचं दूध बोळ्याने पाजून ती जगवली. पण पुरुषाने कधी तान्हं वाढवलंय? सुतक फिटल्यावर वाडीने ठरवलं, खाडीपलीकडच्या एका निपुत्रिक जोडप्याला मुलगी देऊन टाकायची. धाकू मान खाली घालून 'बरं' म्हणाला.

न्यायला येणाऱ्यांना जेवू घालायला हवं, म्हणून चैत्रातल्या त्या सकाळी तो कोंडात खरबी धरायला उतरला. धोंडा उचलला की हा बोटाएवढा मासा सुळकन पळतो, तेव्हा तो चाचपून धरायचा. एक मात्र पळेना. धाकूने दोनदा ढकलला, तर गढूळ पाण्यातून परत येऊन त्याच्याच पायावर धडका देऊ लागला म्हणे. जवळच मंजुळकाकी तिसऱ्या शिंपल्या काढत होती. ती ओरडली, "धोंड्याखाल बघ, मेल्या! अंडी चिकटलीत. आवस घालून गेली, हो बापूस. पोरां सुटासर खंय जावचो नाय."

आई अंडी घालून गेलेली, पिल्लं बाहेर पडेपर्यंत राखणीला एकटा बाप! धाकू पाण्यातच बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग दोन्ही हातांनी धोंडा होता तसा ठेवला आणि रिकाम्या हाताने घरी गेला.

मुलीला न्यायला आलेल्यांची होडी लागली होती. मुलीला पोटाशी धरून तो उंबऱ्यावर आडवा बसला. "नेवची तर माझ्या अंगावरसून नेवा!"

"अरे, दूध खंयसून देतलंस?" लोक खेकसले.

"शेळी आसा!"

ओहोटी लागली. होडी चिखलात रुतायची पाळी आली, तेव्हा ती माणसं बिचारी रिकामीच परतली. त्यांचंही वाईट वाटतंच हो. पण मुलगी बापाच्या हाताखाली वाढली.

आजही आमच्याकडे मूल जन्मलं की बारा दिवस बाप उंबऱ्यावर बसतो, मासेमारीला जात नाही. शहरात नोकरीला असलेले रजा टाकून येतात. साहेब विचारतो, घरी कोण आजारी आहे? आमचे पोरगे ताठ मानेने सांगतात, "कोणी नाही. राखणीला जायचंय."