आकडा हलला नाही

"मग राहिलं काय, उस्ताद?"

इस्माईल परकार जेटीवर उकिडवे बसून खालच्या बोटीकडे पाहत होते.

बोट लहान, पण देखणी होती. समोरच्या बेटावरच्या गावानं ती आजाऱ्यांसाठी घेतली होती. अडलेली बाळंतीण असो, साप चावलेला माणूस असो, पाणी ओलांडून त्याला दवाखान्यात पोचवायचं. बोटीतली सगळी यंत्रं मितेश चोगलेनं बसवली होती. त्या किनाऱ्यावर बोटींच्या वायरिंगमध्ये परकारांचा शब्द शेवटचा मानत, आणि मितेश त्यांचा सगळ्यांत हुशार चेला. हे तो स्वतःही कधी विसरत नसे.

"पुढच्या टोकाच्या नाळेपासून मागच्या इंजिनापर्यंत एकच मुख्य केबल," तो म्हणाला. "होकायंत्र, खोली मोजणारं यंत्र, ऑटोपायलट, पडदे, सगळं तिच्यावर. एकाला कळलं की सगळ्यांना कळतं. आणि जोड बघा. खाऱ्या हवेला आत शिरायला फट नाही."

"बघितले."

"चूक सापडली?"

"जोडांत नाही."

"मग सांगा ना बेटावरच्यांना, बोट घेऊन जा म्हणून."

"अजून नाही."

मितेश पाहतच राहिला. भर बाजारात कुणी थोबाडीत द्यावी तशी त्याची कानशिलं तापली. इतक्या वर्षांत उस्तादांनी त्याचं एकही काम परत केलं नव्हतं.

"का नाही?"

"फिरवून आण मला."

"आत्ता? एवढ्या धुक्यात?"

"माणूस धुकं बघून आजारी पडतो का?"

बोटीत उतरल्यावर उस्तादांनी एक गोष्ट मागून घेतली. इंजिन बंद करायची लाल दोरी. बोट चालवणारा ती आपल्या मनगटाला अडकवतो. पाण्यात पडला तर दोरी सुटते आणि इंजिन थांबतं. ती त्यांनी स्वतःच्या मनगटात घातली.

म्हातारा भ्यायला, असं मितेशला वाटलं. त्याला आतून हसू आलं.

खाडीचं मुख मागे पडलं. धुकं इतकं दाट, की बोटीची नाळसुद्धा पुसट दिसत होती. मितेशनं ऑटोपायलट लावला आणि सुकाणूवरचे दोन्ही हात वर उचलून दाखवले.

"आता पडदे बघा."

एक पडदा सुकाणूपुढे होता, एक ऑटोपायलटचा, एक मागे बाकापाशी. तिन्हींवर दिशेचा एकच आकडा. दोनशे चाळीस.

"ही बेटाची दिशा," मितेश म्हणाला. "काळखडप डाव्या हाताला लांब राहील."

काळखडप म्हणजे पाण्यातून अर्धवट डोकं काढलेली खडकांची रांग. त्या गावांत असं घर विरळाच, ज्यातलं कुणी ना कुणी तिथं बुडालं नव्हतं. मितेशचा थोरला काकाही तिथंच बुडाला होता.

उस्ताद बाकावर बसले. पिशवीतून त्यांनी आपला जुना रेडिओ काढला, कानाशी धरून थोडी खरखर ऐकली.

"काही लागत नाही इथं," ते पुटपुटले, आणि बाकाखालच्या कप्प्यात रेडिओ ठेवून दिला.

पडद्यावरचा आकडा क्षणभर डळमळला. मग पुन्हा दोनशे चाळीसवर येऊन बसला.

"पाहिलंत? लाटेनं ढकललं तरी आपल्या जागेवर येतो."

"हं..."

बोट चालली होती. मघापासून समोरून लागणारा वारा आता मितेशच्या उजव्या गालाला लागू लागला. लाटा नाळेवर फुटायच्या, त्या कुशीवर आपटू लागल्या. त्याला काहीतरी चुकचुकल्यासारखं झालं. त्यानं पडद्याकडे पाहिलं.

दोनशे चाळीस.

तो निवांत झाला.

तेवढ्यात एक यंत्र चिरक्या आवाजात ओरडायला लागलं.

"ते काय म्हणतं?" उस्तादांनी विचारलं.

"खोली कमी होतेय म्हणतंय. इथं कमी कशी होईल? मासळीचा थवा खालून गेला असेल. नवं आहे, उगाच घाबरतं."

"बाकीचे काय म्हणतात?"

"तिन्ही पडदे एकच सांगतायत. मग तीन खरे की एक?"

उस्तादांनी मनगटावरची दोरी चाचपली.

यंत्र ओरडतच होतं. मितेशनं बटण शोधलं आणि दाबलं. आवाज बंद झाला.

शांतता...

आणि त्या शांततेत त्याला पाणी फुटल्याचा आवाज आला. अगदी पुढ्यात.

धुकं सरकलं. समोर खडक उभा होता. काळा, ओला, शेवाळानं माखलेला. वर पंख पसरून बसलेला पाणकावळा बोटीकडे बघत होता. त्याला उडायचंसुद्धा सुचलं नव्हतं.

मितेशचे हात सुकाणूपासून वीतभर लांब, हवेत तसेच राहिले. आयुष्यातला शेवटचा विचार म्हणावा असं काहीही त्याच्या मनात आलं नाही. फक्त नजर गेली, ती पडद्याकडे. दोनशे चाळीस. तिन्हींवर.

उस्तादांनी मनगट उचललं. दोरी सुटली. इंजिन थांबलं.

तरी बोट आधीच्या ओघात पुढे निघालीच होती. बाकाशेजारचं वल्हं घेऊन म्हातारा पुढे सरसावला, वल्ह्याचं टोक त्यानं खडकाला टेकवलं आणि सारं अंग त्यावर टाकलं. वल्हं वाकलं. कुठंतरी करकरलं. बोट थरथरली, थांबली... आणि हळूहळू मागे सरू लागली.

पाणकावळा उडाला.

मितेश खाली बसला. मग बोटीबाहेर वाकून ओकला. पुन्हा ओकला.

उस्तादांनी नांगर टाकला. बोट स्थिर झाली. मग त्यांनी बाकाखालच्या कप्प्यात हात घातला आणि रेडिओ बाहेर काढला.

बोट जागच्या जागी होती. आणि तिन्ही पडद्यांवरचे आकडे एकदम धावत सुटले.

मितेश डोळे फाडून बघत राहिला. आकडे धावून धावून एका जागी थांबले. तिन्ही एकाच जागी. पण दोनशे चाळीसपासून कितीतरी दूर.

उस्तादांनी रेडिओ पुन्हा कप्प्याशी नेला. आकडे पुन्हा धावले. लांब केला. परत आले.

त्या कप्प्यात होकायंत्राची डबी होती. जागा कोरडी, केबल जवळ, म्हणून मितेशनंच ती निवडली होती. रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक डबीला खेटलं, डबी फसली, आणि तिनं जे सांगितलं तेच तिन्ही पडदे बोलत राहिले. ऑटोपायलटनंही तेच ऐकलं. आकडा जागेवर ठेवण्यासाठी त्यानं सबंध बोट वळवली.

तिघांपैकी एकालाही स्वतःचा डोळा नव्हता.

"मुद्दाम ठेवलात तुम्ही," मितेश कसाबसा म्हणाला.

"माणसं बोटीत बसतात. सामान ठेवतात."

"पण तुम्हाला ठाऊक होतं! वारा फिरला ते तुम्हाला कळलं होतं. लाटा कळल्या होत्या. खडप येतोय हे कळत होतं, आणि तुम्ही बाकावर बसून राहिलात?" त्याचा आवाज फाटला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्याची त्याला शुद्ध नव्हती. "मेलो असतो, उस्ताद! मी मेलो असतो, तुम्ही मेला असता... एक शब्द... एकच शब्द बोलायचा होता! का नाही बोललात?"

लाट खडकावर चढली आणि परत खाली गेली.

उस्तादांनी दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरले.

"बोलणारा एक होता, पोरा. तू त्याचं बटण शोधलंस... मी बोललो असतो, तर माझं शोधलं असतंस."