यदूने शेळ्या वाढवल्या

हिवरवाडीत एक भोळा गिरणवाला होता. त्याचं नाव यदू. ज्वारी टाकली की तो ज्वारीचं पीठ देई, गहू टाकले की गव्हाचं. त्यात कधी चूक होत नसे, कारण गिरणीत कुणी त्याला काही समजावून सांगत नसे. समजावून सांगितलं की घोटाळा होई.

घरात तो आणि त्याची भामाआत्या. आत्यानेच त्याला लहानाचा मोठा केलेला. परसात तिची वांगी होती आणि वांग्यांवर गावभरच्या शेळ्यांचा डोळा होता. आत्या दिवसभर काठी घेऊन शेळ्यांच्या मागे पळे. शेळ्यांना ती शिव्या देई, पण एखाद्या दिवशी शेळी आली नाही तर तिला करमत नसे. एकदा अशीच पळताना ती पाटात पडली आणि तिचा उजवा पाय मोडला. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. आत्या बाजेवर पडून राहिली. समोर ठेवलेली भाकरी खाई आणि खिडकीतून वांग्यांकडे बघत बसे. शिव्या देणंसुद्धा तिने सोडलं.

यदूला वाईट वाटलं. तालुक्याला शिरोळे मॅडमचा कॉम्प्युटरचा क्लास होता. यदूने तिथं नाव घातलं.

"तुला काय शिकायचंय?" मॅडमनी विचारलं.

"गेम करायचाय. त्यात शेळी येईल, आत्या तिला हाकलेल. नुसती बोटं हलवायची. पायाचं काम नाही."

मॅडमना ते आवडलं. क्लासमधला एक जुना लॅपटॉप त्यांनी त्याला वापरायला दिला.

रोज दुपारी गिरणी बंद करून यदू गेम करायला बसू लागला. बऱ्याच दिवसांनी पडद्यावर एक शेळी उभी राहिली. आत्याने चष्मा लावून पाहिलं.

"ही कोण?"

"शेळी."

"मला उशी वाटली."

यदूने शिंगं काढली. "आणि आता?"

"आता शिंगं आलेली उशी."

यदू परत बसला. एके दिवशी ती शेळी बोटभर चालली. उलटी चालली, पण चालली. यदूला इतका आनंद झाला की दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगत सुटला. लोक म्हणाले, "आमच्या शेळ्या रोज चालतात." यदूला त्याचं काही वाटलं नाही. त्यांच्या शेळ्या त्यांनी थोड्याच केल्या होत्या.

मग शेळी चालायचीच थांबली. यदू मॅडमकडे गेला.

"प्रोग्रॅममध्ये कुठंतरी किडा असणार," मॅडम म्हणाल्या. "तो शोधून काढ."

यदूने घरी येऊन लॅपटॉपचे सगळे स्क्रू काढले. आत एक झुरळ निघालं. त्याने ते परसात नेऊन सोडलं, स्क्रू लावले आणि परत तालुक्याला गेला.

"किडा काढला, मॅडम. पण शेळी अजून उभीच आहे. ते झुरळ शेळीचं नसावं."

"यदू, काही बिघडलं की कशाला हात लावायचा नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत शांतपणे वाचायचं. चूक सापडते."

"पुढच्या वेळी तसंच करीन," यदू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आत्याने त्याला दुधाकडे लक्ष द्यायला सांगितलं. दूध वर येऊ लागलं. काहीतरी बिघडतंय हे यदूच्या लक्षात आलं. त्याने दोन्ही हात मागे घेतले, दुधाची रिकामी पिशवी शोधली आणि वाचायला लागला. "गाईचे ताजे दूध. थंड जागी ठेवावे."

"यदू, दूध," बाजेवरून आत्या म्हणाली.

"थांब, पत्ता राहिलाय."

दूध ओट्यावरून खाली आलं. गॅस विझला. यदूने पिशवी घडी करून ठेवली आणि आत्याला सांगितलं, "सगळं वाचलं. त्यात चूक नाही."

ही हकिकत त्याने मॅडमना सांगितली. मॅडम म्हणाल्या, "अरे, हाताबाहेर जायला लागलं किंवा मध्येच अडकलं, तर बंद करायचं. जरा थांबायचं. आणि पहिल्यापासून सुरू करायचं. दूध असो नाहीतर लॅपटॉप."

"पुढच्या वेळी तसंच करीन."

त्या आठवड्यात शाळेत बक्षीस समारंभ होता. सरपंचांचं भाषण लांबलं होतं. लोकांचं लक्ष चहाच्या किटलीकडे होतं. सरपंच म्हणाले, "आणि म्हणून या गावाचा विकास... विकास..." आणि अडकले. यदू उठला. भिंतीपाशी जाऊन त्याने मेन स्विच खाली ओढला. माइक बंद, पंखे बंद. यदू जरा थांबला. मग स्विच वर केला आणि म्हणाला, "सरपंच, आता पहिल्यापासून."

सरपंचांनी घाम पुसला आणि "व्यासपीठावरील मान्यवर" इथून परत सुरुवात केली. लोकांनी वळून यदूकडे पाहिलं. चहा गार झाला. सरपंच त्याच विकासापाशी आले आणि परत अडकले. यदू परत उठला. त्याला चौघांनी धरून खाली बसवलं.

घरी लॅपटॉपही त्याने असाच बंद केला होता. शेळीला नुकतेच काढलेले चारही पाय त्यात गेले. यदूला रडू आलं. लॅपटॉप देऊन टाकावा आणि नुसतं पीठ दळावं असं त्याला वाटलं. मग त्याने बाजेकडे पाहिलं. आत्या खिडकीतून बाहेर बघत होती. एक शेळी वांगं खात होती आणि आत्या तिला काही म्हणत नव्हती. यदू उठून तालुक्याला गेला.

"काहीही बदलायच्या आधी त्याची हुबेहूब प्रत करून ठेवायची," मॅडम म्हणाल्या. "मूळ बिघडलं तरी प्रत हाताशी राहते."

"पुढच्या वेळी तसंच करीन."

पुढच्या वेळी डॉक्टर प्लास्टर कापायला येणार होते. आदल्या दुपारी आत्या झोपलेली असताना यदूने गणपतीच्या कारखान्यातून प्लास्टर आणलं, जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडल्या आणि आत्याच्या डाव्या पायावर उजव्याची प्रत काढली. काम चोख झालं. उजव्या प्लास्टरवर चहाचा डाग होता, तो डाव्यावरही त्याच जागी पाडला.

डॉक्टर आले आणि दारातच थांबले. "मी एकच पाय बांधला होता ना?"

"दुसरी प्रत आहे," यदू म्हणाला. "मूळ बिघडलं तर असावी म्हणून."

डॉक्टरांनी दोन्ही कापली. मोडलेला पाय छान जुळला होता. पण आत्याने मनाशी धरलं की तिचे दोन्ही पाय मोडले होते आणि तिच्यापासून ते लपवून ठेवलं होतं.

"मावशी, डाव्या पायाला काहीच झालं नव्हतं," डॉक्टर म्हणाले.

"मग कापलंत काय?"

डॉक्टरांनी बॅग उचलली. बाहेर आल्यावर त्यांनी यदूला सांगितलं, "यांना चालवा. अशाच बसून राहिल्या तर पाय आखडतील, मग उठणं व्हायचं नाही."

यदूने आत्याला हात दिला. शेजारणींनी समजावलं. आत्याने पाय जमिनीला लावला नाही. दोन्ही पाय पोटाशी घेऊन ती बाजेवर बसून राहिली. यदू पहिल्यांदाच घाबरला. दुसरं काही सुचेना म्हणून तो गेम करत बसला. मॅडमनी सांगितलं तसं त्याने शांतपणे एकेक ओळ वाचली. एका ओळीत बेरजेच्या जागी वजाबाकी पडली होती. ती बदलली आणि शेळी सरळ चालायला लागली, थेट वांग्यांकडे.

त्याने लॅपटॉप आत्याच्या मांडीवर ठेवला. शेळी आली. आत्याने बटण दाबलं. शेळी पळाली. आत्याने पडद्याकडे बघून एक सणसणीत शिवी दिली. यदूला फार बरं वाटलं.

तिसऱ्या प्रहरी आत्याने लॅपटॉप मिटला. "एकच शेळी, आणि एकाच वाटेने येते. कंटाळा आला."

यदू मॅडमकडे गेला. मॅडम खुश झाल्या. "म्हणजे गेम चालतो. फक्त सोपा आहे. शेळ्या वाढव. आणि ही पायरी जिंकली की लगेच पुढची, आणखी अवघड. तिथं मोठी जनावरं आण."

"आणतो," यदू म्हणाला. गावात परत येताना तो दोन घरी थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आत्यापुढे लॅपटॉप उघडून ठेवला. "आत्या, शेळ्या वाढवल्या."

आत्याने पडद्यावर पाहिलं. शेळी एकच होती. बाहेरून काही मोडल्याचा आवाज आला, म्हणून तिने खिडकीतून पाहिलं. कोंडिबा धनगराचा अख्खा कळप वांग्यांत शिरला होता. आत्याने सवयीने बटण दाबलं. खिडकीतली एकही शेळी हलली नाही. तिने परत दाबलं. मग तिने लॅपटॉप बाजेवर टाकला, कोपऱ्यातली काठी उचलली आणि ती बाहेर पडली. आधी कुठला पाय टेकला हे तिला नंतर सांगता आलं नाही. साठवलेल्या सगळ्या शिव्या तिने त्या सकाळी दिल्या. शेवटची शेळी कुंपणाबाहेर गेल्यावर ती धापा टाकत पायरीवर बसली आणि आपल्या पायांकडे बघत राहिली.

"यदू, मी चालले रे."

"पळालीस," यदू म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "जिंकलीस, आत्या."

आत्याने पदराने तोंड पुसलं. कितीतरी दिवसांनी ती हसली. तिने काठी बाजूला ठेवली आणि पाय लांब केले. "चहा टाक."

"टाकतो. पण काठी हातातच राहू दे."

"का रे?"

यदूने परसाच्या फाटकाकडे पाहिलं. रंगा गवळी कडी काढत होता.

"पुढच्या पायरीला म्हशी आहेत," यदू म्हणाला.