डोळेझाकीचं बेट

गुढेवाडीच्या खिंडीत बांबूचं एक जुनं, गर्द बेट आहे. तिथून जाणारा माणूस डोळ्यांपुढे हात धरतो आणि मान खाली घालून पुढे सरकतो. गावात याला डोळेझाक म्हणतात. दुर्लक्ष करणं नव्हे, मान राखणं.

असे सांगतात, की एका वर्षी रानातल्या साऱ्या बांबूंना फुलोरा आला आणि बेटं उभी वाळून गेली. हिरवं राहिलं ते एवढंच. केरू बुरूड कोयता घेऊन इथे आला, पाठोपाठ त्याची बायको ठकी. बेटाच्या बुडाशी काळाभोर साप पसरला होता. ठकीने नवऱ्याला मागे ओढलं.

"अगं, धामण हाय ती," केरू हसला. "नाग आसता तर फणा काढला आसता, पाठीवर धाचा आकडा दिसला आसता. काय भितीस!"

तो वाकला. साप उभा राहिला, फणा पसरला. बाजूला उभ्या ठकीला दिसलं, फण्यावर दहाचा आकडा नव्हताच. गळ्याशी तेवढा फिकट पट्टा. चावायला तो पुढे आला नाही. जागेवरूनच त्याने विषाची चिळकांडी उडवली, ती नेमकी केरूच्या डोळ्यांत.

सोबत आणलेलं पाण्याचं मडकं रितं होईतो ठकी त्याचे डोळे धूत राहिली, मग ओढ्यावर नेऊन धूत राहिली. एक डोळा वाचला. दुसरा गेला.

गावकरी पलिते घेऊन बेट जाळायला आले. ठकी आडवी आली.

"जाळा की! मग सुपं काय तुमच्या पागोट्यांची विणू?"

कुणी हसलं, पण पलिते खाली झाले नाहीत. तेव्हा तोंडापुढे सूप धरून ती एकटीच आत गेली. सुपावर विष उडालं. ती म्हणाली म्हणे, "बाबा, तू आकडा दाखवत न्हाईस, आमी डोळं दाखवणार न्हाई. बूड तुझं, शेंडा आमचा."

हिरवा बांबू ओढत ती धड डोळ्यांनी बाहेर आली. पलिते ओढ्यात विझले.

केरू एका डोळ्याने सुपं विणत राहिला. पुढे साधी धामण दिसली तरी तो डोळे झाकायचा, आणि ठकी तोंडाला पदर लावून हसायची.

आजही इथला बांबू सुपाआडूनच तोडतात. वाट दाखवणारे म्हातारबाबा एवढं सांगून आपला हात डोळ्यांपुढे धरतात. पाहुणे हसतात. मग बेटाच्या बुडाशी काहीतरी सळसळतं, आणि सगळ्यांचे हात वर जातात.