चार पावलं

"सांगा की चाचा, सिद्रामला काढू का नको?"

इंद्रजित चौगुलेनं तिसऱ्यांदा विचारलं.

मुजावर चाचा मैदानाच्या कडेला दगडावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, पलटणीच्या संघातून रग्बी खेळलेले. गेली सहा वर्षं ते कॉलेजच्या पोरांना हाच खेळ शिकवत होते.

इंद्रजित कॅप्टन होता. रग्बीत चेंडू हातानं पुढं फेकता येत नाही. आपण पळत राहायचं आणि मागून पळत येणाऱ्याच्या हातात तो द्यायचा. कुणाला द्यायचा, कधी द्यायचा, हे इंद्रजित ठरवायचा.

संघ लागोपाठ दोन सामने हरला होता. रविवारचा हरला की स्पर्धेतून बाहेर.

"त्याला काढून कुणाला पळवणार?" चाचांनी विचारलं.

"मीच पळतो. त्याच्या हातात चेंडू दिला की तो तिथंच आडवा. दोन सामन्यांत अकरा वेळा दिला. अकरा वेळा पडला."

"मोजलंस?"

"मोजलं की!"

चाचांनी तेलाच्या बाटलीचं बूच लावलं.

"आणि तू कधी दिलास, ते मोजलंस?"

"कधी म्हणजे?…"

चाचांनी तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली. पलीकडून सिद्राम पळत आला. गडहिंग्लजकडचा, बुटका, रुंद खांद्यांचा, अबोल पोरगा.

"आज तू कॅप्टन," चाचा त्याला म्हणाले. "हा तुझ्या जागेवर पळंल. हा तुला देतो, तसाच तू ह्याला चेंडू द्यायचा."

सिद्राम घुटमळला. "तसाच?"

"अगदी तसाच."

समोर अडवायला दोन दांडगी पोरं उभी केली.

सिद्राम चेंडू घेऊन पळाला. इंद्रजित त्याच्या मागून, हात पुढं करून. सिद्रामनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, चेंडू पोटाशीच धरून ठेवला.

"दे की! अरे दे!" इंद्रजित ओरडला.

चेंडू आला. चेंडूबरोबर ती दोघंही आली.

इंद्रजित पाठीवर पडला.

"पुन्हा," चाचा म्हणाले.

पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडला, चौथ्यांदा पडला. पाचव्यांदा पडला तेव्हा लगेच उठला नाही. तोंडातली माती थुंकली आणि सिद्रामकडं बघितलं.

"मी… असा देतो?"

सिद्राम पायानं गवत उकरत राहिला.

"चार पावलं जास्त धरतोस. तुलाच कुठं फट गावंल का, बघत राहतोस. तोवर अडवणारे माझ्याकडं वळलेले असतात."

"मग एवढे दिवस बोलला का नाहीस?"

"पडलेल्यानं काय बोलायचं?"

इंद्रजित उठून बसला.

चाचा काठी टेकत उठले.

"उठा रे. अजून उजेड आहे."

त्या संध्याकाळी इंद्रजितनं चेंडू दोनशे वेळा तरी दिला. आधी हात ऐकेनात. घ्यायला शिकलेले हात, सोडताना अडखळत. सिद्राम मागून नुसता "आता" म्हणायचा. काळोख पडेपर्यंत तो शब्द म्हणायची गरज उरली नव्हती.

रविवारी पूर्वार्धात इंद्रजितला एकदा समोर फट दिसली. सवयीनं त्यानं चेंडू धरून ठेवला. फट मिटली. उशिरा दिलेल्या चेंडूसकट सिद्राम तिघांखाली गाडला गेला.

तो उठला. ओठ फुटला होता.

"कॅप्टन," एवढंच म्हणाला.

"चुकलो," इंद्रजित म्हणाला. कॅप्टन झाल्यापासून हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

त्यानंतर त्यानं एकदाही धरला नाही. अडवणारे त्याच्याकडं झेपावत, तोवर चेंडू गेलेला असे. त्यांना वळायला वेळ लागे, आणि तेवढ्यात सिद्राम पुढं निघून जाई. शेवटच्या मिनिटाला सिद्रामनं रेषेपलीकडं चेंडू जमिनीला टेकवून गुण मिळवले. सामना दोन गुणांनी जिंकला.

पोरांनी सिद्रामला खांद्यावर उचललं. त्याचं नाव घेत सगळी मैदानभर नाचत सुटली.

इंद्रजित थोडा वेळ त्यांच्यात नाचला. मग एकटाच चाचांजवळ आला.

"जिंकलो, चाचा."

"बघितलं की."

"पुढचा सामना बुधवारी आहे."

"व्हय."

इंद्रजित खाली बसला. बुटाची नाडी सोडता सोडता थांबला.

"एक सांगू? रागावू नका… माझ्या नावावर आज एकसुद्धा गुण नाही. मी मैदानात होतो, हेसुद्धा कुणाच्या ध्यानात राहणार नाही."

चाचांनी त्याच्याकडं बघितलं.

"मला तर लेका, तू आज पहिल्यांदा दिसलास."