गनच्या गळ्यातला हार

हवेवर चालणारी हत्यारं हमरस्त्यावर नवीन होती, तेव्हाची ही गोष्ट. हणमंत मिस्त्रींच्या टायरच्या दुकानात चाकाचे नट खोलणारी एक गन होती. रोज सकाळी हवेची नळी जोडण्याआधी मिस्त्री बुधलीतून तेलाचे चार थेंब तिच्या तोंडात सोडत.

"मी हवेवर चालते. तुझं चिकट तेल तुलाच ठेव," गन बुधलीला म्हणाली.

"हवेबरोबर पाणीही आत येतं गं बाई," बुधली म्हणाली. "त्याच्यासाठी असते मी."

खंडेनवमीला मिस्त्रींनी हत्यारं धुऊनपुसून मांडली, हळदकुंकू वाहिलं आणि गनला झेंडूचा हार घातला. बुधली पूजेत मांडायचं कुणाला सुचलं नाही. दसरा झाल्यावर मिस्त्रींनी तेल सोडलं, तर गननं ते सगळं त्यांच्या नव्या सदऱ्यावर उडवलं.

"धुतलीय, पुजलीय, आणखी काय हवंय हिला?" असं म्हणत त्यांनी बुधली बाजूला सारली आणि त्या गनसाठी ती पुन्हा उचलली नाही.

दिवाळीपर्यंत गनचा आवाज घोगरा झाला. एके दुपारी उसाचा ट्रक दारात उभा असताना ती अडकली, ती अडकलीच. मिस्त्रींनी उघडून पाहिली. आत सगळा गंज होता. त्यांनी तिला फळीवर ठेवलं आणि हातपाना घेतला.

पुढच्या खंडेनवमीला तिला पुन्हा हार मिळाला. दसरा झाल्यावर बाकीची हत्यारं हार उतरवून कामाला लागली. मिस्त्रींनी मधल्या काळात आणलेल्या नव्या गननं रोजच्यासारखं बुधलीपुढे तोंड उघडलं.

जुन्या गनचा हार मात्र कुणी काढला नाही.